वाचकांचे प्रश्न : गळाला लागतो, मापात बसत नाही

मराठवाड्याला समुद्र नाही. तरीही या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे समुद्रातील हौशी मासेमारीविषयी आहेत. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथील कितीतरी घरांतील मुले-मुली आज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर किंवा टेक्सासमध्ये नोकरीला आहेत, आणि उन्हाळ्यात आई-वडील त्यांच्याकडे गेले की एखादा रविवार होडीवर जातोच. गोदावरीच्या काठी गळ टाकत वाढलेल्या माणसाला तेथील चपट्या माशांची गोडी लागावी, यात नवल नाही. पण तो मासा गळाला लागतो पुष्कळ आणि घरी नेता येतो क्वचित, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : महोदय, जून-जुलैमध्ये आम्ही उभयता मुलाकडे न्यू जर्सीला होतो. तेथे मुलासोबत माणशी भाडे देऊन मोठ्या होडीने समर फ्लाउंडर धरायला गेलो; तेथील लोक त्यास सर्रास फ्लूक म्हणतात. मासे भरपूर लागले, परंतु पट्टीवर ठेवला की प्रत्येक मासा अर्धा-एक इंच कमी भरे आणि परत पाण्यात सोडावा लागे. सबंध होडीत मिळून दोन-तीनच मासे ठेवण्याजोगे निघाले. मोठे मासे संपले आहेत काय, की कोणालाच काही मिळू नये असा नियम केला आहे?
— निवृत्त मुख्याध्यापक, अंबाजोगाई

उत्तर : मोठे मासे संपलेले नाहीत, आणि नियमही कोणाला वंचित ठेवण्यासाठी केलेला नाही. मात्र नियमाची रेषा जेथे ओढली आहे, तेथे ती ओढल्यामुळेच आपणांस आलेला अनुभव बहुतेकांना येतो.

न्यू जर्सीत 2024 च्या हंगामात हा मासा किमान 18 इंच, म्हणजे सुमारे 46 सेंटिमीटर लांब असल्याशिवाय ठेवता येत नव्हता. माणशी दिवसाला तीन मासे आणि 4 मे ते 25 सप्टेंबर एवढाच काळ, अशी मुभा होती. डेलावेअरच्या उपसागरात हीच मर्यादा 17 इंच, तर शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये त्या वर्षी हंगामाच्या पहिल्या टप्प्यात 19 आणि ऑगस्टपासून साडेएकोणीस इंच होती. माप तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत धरतात. हे आकडे वर्षागणिक बदलू शकतात, म्हणून पुढच्या खेपेस जाताना मुलाला त्या वर्षीचा नियम आधी पाहून ठेवायला सांगावे.

आता असा विचार करा. ज्या खाडीवर आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यावर सबंध उन्हाळाभर असंख्य गळ पडत असतात, तेथे 18 इंच ओलांडलेला मासा फार काळ पाण्यात राहत नाही. तो कोणाच्या तरी बर्फाच्या पेटीत जातो. साडेसतरा इंचांचा मासा मात्र पकडला जातो, सोडला जातो आणि पुन्हा कोणाच्या तरी गळाला लागतो. परिणामी रेषेच्या खाली गर्दी आणि रेषेच्या वर तुरळक वस्ती, असे चित्र हंगाम चढेल तसे अधिक ठळक होत जाते. आपण जून-जुलैत गेलात, तोवर किनाऱ्याजवळचे मोठे मासे बऱ्याच अंशी उचलले गेले होते आणि उरलेल्यांपैकी अनेक खोल पाण्याकडे सरकले होते.

दुसरे कारण या माशाच्या शरीरधर्मात आहे. समर फ्लाउंडरच्या माद्या नरांपेक्षा अधिक वेगाने वाढतात, अधिक मोठ्या होतात आणि अधिक वर्षे जगतात. नर 18 इंचांपर्यंत पोहोचतो तो क्वचितच. याचा अर्थ, नर आणि मादी दोघेही पाण्यात असले तरी ‘ठेवण्याजोगा’ मासा म्हणून जो हाती येतो, तो बहुतेक वेळा मादीच असतो. आपण सोडलेल्या माशांमध्ये पूर्ण वाढ झालेले नरही होते. ते कितीही वर्षे जगले तरी आपल्या पट्टीवर बसणार नव्हते.

तिसरे कारण गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील घडामोडींचे आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस या माशाची संख्या अतिशय खालावली होती. त्यानंतर व्यावसायिक आणि हौशी अशा दोन्ही मासेमारीला वार्षिक वाटा ठरवून देण्यात आला, किमान लांबी टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि 2011 मध्ये हा साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. पण नेमके त्याच सुमारापासून दरवर्षी नव्याने वाढीस लागणाऱ्या पिलांची संख्या सरासरीहून कमी राहू लागली. पिले कमी, म्हणून पुढे तीन-चार वर्षांनी मोठे मासे कमी, म्हणून वाटा कमी, आणि वाटा कमी म्हणून लांबीची अट कडक, अशी ही साखळी आहे. 2017 मध्ये अटलांटिक राज्यांच्या मत्स्यव्यवसाय आयोगाने न्यू जर्सीला 19 इंचांची अट घालायला सांगितले, तेव्हा राज्याने ती नाकारून हंगाम आखडता घेतला आणि 18 इंचच कायम ठेवले. आयोगाने राज्य नियमाबाहेर असल्याचा ठराव केला. मात्र केंद्रीय वाणिज्य मंत्र्यांनी राज्याचे म्हणणे उचलून धरले. एका इंचासाठी प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेले, यावरून तेथील माणसे हा विषय किती मनावर घेतात याची कल्पना यावी.

एक हिशेब मला अधिक अस्वस्थ करतो, आणि तो प्रत्येक हौशी मासेमाराने ध्यानात घ्यावा असे मला मनापासून वाटते. अलीकडच्या वर्षांत हौशी लोकांनी पकडलेल्या या माशांपैकी साधारण नव्वद टक्के परत सोडले जातात. सोडलेल्यांपैकी दहा टक्के मासे जखमेने किंवा धसक्याने पुढे मरतात, असे शास्त्रज्ञ आपल्या मोजणीत गृहीत धरतात. म्हणजे शंभर मासे पकडले, तर दहा ताटात गेले आणि सोडलेल्या नव्वदांतील नऊ कोणाच्याही ताटात न जाता मेले. खाल्लेले आणि वाया गेलेले जवळजवळ सारखेच. लांबीची अट जितकी वाढवावी, तितके मनाजोगा मासा मिळेपर्यंत अधिक मासे पकडून सोडावे लागतात आणि हा वायाचा आकडा फुगत जातो. केवळ लांबी वाढवत नेण्याचा मार्ग आता उपकारक राहिलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात मोठ्या माद्यांवरचा भार वाढतो आणि लहान मासेही वाचत नाहीत. न्यू जर्सीने 2022 मध्ये 17 ते 18 इंचांच्या दरम्यानचे दोन आणि 18 च्या वरचा एकच मासा ठेवण्याची मुभा दिली होती. मला तो विचार अधिक रास्त वाटतो, कारण त्यात घरी नेण्याचा मासाही मिळतो आणि मोठ्या माद्यांपैकी काही पाण्यात राहतात. 2024 मध्ये मात्र राज्य पुन्हा सरसकट 18 इंचांवर आले.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत राहतो. तो म्हणतो की, बाजारात 14 इंचांचा फ्लूक उघडपणे विकायला असतो आणि आम्हांला 17 इंचांचा सोडावा लागतो. हा हौशी लोकांवर अन्याय नव्हे काय?
— औषध विक्रेते, जालना

उत्तर : वस्तुस्थिती आपल्या बंधूंनी सांगितली तशीच आहे, व्यावसायिक मासेमारीची किमान लांबी 14 इंच आहे. कारण असे की, व्यावसायिक होडीने किनाऱ्यावर उतरवलेला मासा वजन करून मोजता येतो आणि वाटा संपला की मासेमारी थांबवता येते. हौशी माणसाने किती पकडले, हे कोणी तराजूवर घालत नाही. ते टपालाने पाठवलेल्या प्रश्नावल्या आणि धक्क्यावरच्या मुलाखती यांवरून अंदाजाने काढावे लागते. ज्याची मोजणी थेट होत नाही, त्याला आवर घालायला लांबी, संख्या आणि हंगाम हीच साधने उरतात. शिवाय तळावरून ओढत नेलेल्या ट्रॉल जाळ्यातून वर आलेला लहान मासा परत टाकला तरी बहुधा वाचत नाही; शास्त्रज्ञ अशा माशांपैकी 80 टक्के मेलेले धरतात. त्याला अधिक लांबीची अट लावली, तर मेलेले मासेच समुद्रात फेकावे लागतील.

एकूण वाट्याची विभागणी पूर्वी व्यावसायिकांना 60 आणि हौशींना 40 टक्के अशी होती. 2023 पासून ती 55 आणि 45 झाली आहे. भेद आहे, तो डोळ्यांना खुपतो हेही खरे, परंतु त्याला अन्याय म्हणवत नाही.

प्रश्न : माझा मुलगा एम.एस. करायला न्यू जर्सीत गेला असून त्याला आमच्याप्रमाणेच मासेमारीची आवड आहे. येलदरीच्या पाण्यावर तो माझ्याबरोबर गळ टाकत असे. मापात बसणारा मासा मिळण्यासाठी त्याने काय करावे, आणि परवाना लागतो का?
— शेतकरी, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : न्यू जर्सीत समुद्रातील हौशी मासेमारीला परवाना लागत नाही, मात्र दरवर्षी नाव नोंदवावे लागते आणि ती नोंदणी विनामूल्य आहे. माणशी भाडे घेणाऱ्या होडीवर गेल्यास तीही लागत नाही.

येलदरीला आपण काठी रोवून आमिष एका जागी ठेवता आणि मासा त्याच्याकडे येण्याची वाट पाहता. फ्लूकची रीत याहून निराळी असल्याने मुलाला काही सवयी बदलाव्या लागतील. हा मासा तळाशी वाळूत अंग पुरून, केवळ डोळे बाहेर ठेवून दबा धरतो, प्रवाहाबरोबर वाहत येणाऱ्या लहान माशावर झडप घालतो आणि पुन्हा तळाशी बसतो. म्हणून आमिष हलते हवे, आणि तेही तळाला लागून. होडीचे यंत्र बंद करून तिला भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर वाहू देतात आणि शिसे तळाला टेकत-उचलत राहील एवढे वजन लावतात. वारा आणि प्रवाह एकमेकांविरुद्ध असले की होडी जागच्या जागी रेंगाळते आणि आमिष पडून राहते. अशा वेळी मासा असूनही लागत नाही.

मोठा मासा हवा असेल तर आमिष मोठे लावावे. माकूळच्या (स्क्विडच्या) मांसाची किंवा लहान माशाच्या पोटाची वीतभर लांब, निमुळती कापलेली पट्टी पाण्यात सळसळत राहते. तिच्यासाठी मोठा मासा जागेवरून उठतो आणि लहान माशाच्या तोंडात ती सहसा मावत नाही. गळही मोठ्या आकाराचा घ्यावा. लहान गळाला बारकी पिल्ले अधिक लागतात, आणि ती खोलवर गिळतात. नैसर्गिक आमिषावर मासा लागला की आधी दोर थोडा जड होतो, जणू गवत अडकले आहे. तेव्हा लगेच झटका न देता मासा आमिष पुरते तोंडात घेईपर्यंत क्षणभर थांबून काठी संथपणे उचलावी. फार वेळ मात्र थांबू नये, कारण तेवढ्यात गळ पोटात उतरतो.

जागा आणि वेळ यांचाही विचार हवा. मे महिन्यात मासे खुल्या समुद्रातून खाड्यांत येतात आणि उथळ, लवकर तापणाऱ्या पाण्यात असतात. उन्हाळा चढला की मोठे मासे मुखांतून बाहेर पडून बुडालेल्या जहाजांच्या आणि कृत्रिम खडकांच्या आसपास जमतात. तेथे दोर अडकून तुटतो, शिसे जाते, म्हणून गर्दी कमी असते आणि मापाचा मासा मिळण्याची शक्यता अधिक असते. किनाऱ्यावर उभे राहूनच गळ टाकायचा असेल, तर आयलंड बीच या राज्य उद्यानाच्या किनाऱ्यावर 16 इंचांचे दोन मासे ठेवण्याची खास सवलत आहे. विद्यार्थ्याच्या खिशाला ती परवडणारी आहे.

आता सोडण्याविषयी, कारण मुलाच्या हातून ठेवण्यापेक्षा सोडणेच अधिक वेळा होणार आहे. वर दिलेल्या हिशेबातील ते ‘नऊ मासे’ कमी करणे हे सरकारच्या नव्हे, गळ धरणाऱ्याच्या हातात आहे. मासा शक्यतो पाण्यातच असताना गळ काढावा. वर घ्यावाच लागला तर हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्या जागी रोग लागतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. तापलेल्या फळीवर मासा आपटत राहू देऊ नये. गळ घशात खोल गेला असेल तर तो ओढून काढण्याचा हट्ट न धरता दोर तोंडाजवळ कापावा. गळ आत राहूनही मासा जगू शकतो, आतडी फाटल्यावर जगत नाही. मापाची पट्टी आधीच ओली करून जवळ ठेवावी. साडेसतरा इंचांचा मासा तीन-तीनदा मोजून, शेपूट चिमटीत धरून अठरा होतो का हे पाहण्यात त्याचा श्वास संपतो. मासा दिसताक्षणी लहान वाटला तर मोजण्याचीही गरज नाही.

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई ह्यूस्टनला असतात. जावई गॅल्व्हस्टनला फ्लाउंडर धरायला जातात. पूर्वी नोव्हेंबर हा तेथे ऐन हंगाम मानला जात असे. आता नेमका तेव्हाच मज्जाव असतो, असे ते म्हणाले. मासे सर्वाधिक असताना बंदी, हे कसे?
— गृहिणी, नांदेड

उत्तर : ताई, मासे त्या वेळी सर्वाधिक दिसतात, म्हणूनच बंदी आहे. टेक्सासमधील मासा समर फ्लाउंडर नसून सदर्न फ्लाउंडर हा त्याचा भाऊबंद आहे. शरद ऋतूत पहिली थंड हवा सुटली की वयात आलेले मासे उपसागरांतून अरुंद मुखांवाटे अंडी घालण्यासाठी मेक्सिकोच्या आखातात जातात. सबंध उपसागराचे मासे त्या थोड्या दिवसांत एका चिंचोळ्या वाटेने जात असल्याने तेथे उभ्या असलेल्या कोणालाही भरपूर मिळतात, आणि त्यांत अंड्यांनी भरलेल्या माद्या असतात. पोळ्याआधी गाभण गाय बाजारात नेण्यासारखे ते आहे. 2021 पासून 1 नोव्हेंबर ते 14 डिसेंबर हा काळ पूर्ण बंद असतो. इतर वेळी किमान लांबी 15 इंच असून दिवसाला पाच मासे ठेवता येतात.

या माशाबाबत आणखी एक गोष्ट चिंतेची आहे. सदर्न फ्लाउंडरचे नर 15 इंचांपर्यंत सहसा पोहोचतच नाहीत. म्हणजे कायदेशीर मापाचा जवळजवळ प्रत्येक मासा मादी असतो. आणि मादी होणार की नर, हे पूर्णपणे जन्मजात ठरलेले नसते. पिलू काही सेंटिमीटरांचे असताना पाण्याचे तापमान 23 अंश सेल्सिअसच्या आसपास असले, तर नर-माद्यांचे प्रमाण साधारण समान राहते. पाणी त्याहून बरेच तापले किंवा बरेच थंड राहिले, तर ज्यांनी माद्या व्हायचे त्यांतील अनेक पिले नर होतात. उथळ किनारी पाणी तापत चालले, तर पुढील पिढीत माद्या कमी आणि म्हणून मापाचे मासे कमी, असा त्याचा थेट परिणाम होतो. नॉर्थ कॅरोलायनात या माशाची अवस्था इतकी बिकट झाली की 2023 मध्ये हौशी लोकांना सप्टेंबरातील जेमतेम दोन आठवडे आणि माणशी एकच मासा मिळाला, आणि 2024 मध्ये हंगाम उघडलाच नाही. टेक्सासने दीड महिन्याची बंदी घातली ती वेळेवर घातली, असे मी मानतो. जावईबापूंनी ऑक्टोबरात जावे. तेव्हा मासे मुखांकडे सरकू लागलेले असतात आणि नियमही आड येत नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. चपट्या माशाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला कसे असतात?
— विद्यार्थिनी, हिंगोली

उत्तर : जन्मतः ते तसे नसतात. अंड्यातून निघालेले पिलू इतर माशांसारखेच उभे पोहते आणि त्याचे डोळे दोन बाजूंना असतात. काही आठवड्यांनी त्याच्या कवटीची हाडे वळू लागतात आणि एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो. समर फ्लाउंडरमध्ये उजवा डोळा डावीकडे येतो. मग मासा आंधळ्या कुशीवर आडवा होतो. वरची बाजू वाळूच्या रंगाची होते आणि खालची पांढरी राहते. आपल्या किनाऱ्यावरील भाकस हा मासा या कुळातील जुन्या घडणीचा असल्याने त्याच्यात काहींचे डोळे उजवीकडे तर काहींचे डावीकडे आढळतात.

प्रश्न : आम्ही काही मित्र दिवाळीच्या सुट्टीत दापोली-हर्णैकडे जातो आणि खडकांवरून गळ टाकतो. आपल्याकडे असे चपटे मासे मिळतात का, आणि आपल्याकडेही मापाचा कायदा आहे का?
— बँक कर्मचारी, उदगीर

उत्तर : मिळतात. लेप आणि भाकस हे दोन्ही याच कुळातील आहेत. लेप मात्र आपल्या गळाला लागण्याची आशा धरू नये. त्याचे तोंड लहान आणि वाकडे असते, तो चिखलातील किडे-अळ्या खातो आणि बाजारात येतो तो जाळ्यातून. भाकसाचे तोंड मोठे आणि दात तीक्ष्ण असतात. तो दुसरे मासे खातो, त्यामुळे तो गळाला येऊ शकतो, पण त्यासाठी खडक सोडून होडीने वाळूच्या तळावर जावे लागेल.

कायदा आहे. केरळने यात पुढाकार घेतला. तेथील यादीत लेपाचाही समावेश असून त्याची किमान लांबी 9 सेंटिमीटर आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान लांबी जाहीर केली. त्यानुसार पापलेट 135 मिलिमीटर, बांगडा 110 आणि सुरमई 370 मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. जून-जुलैमधील 61 दिवसांची यांत्रिक मासेमारीवरील बंदी याहून जुनी आणि अधिक परिचित आहे.

आपण उदगीरचे आहात म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, आपल्या गावातच मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे; माशांच्या जाती ओळखण्यात अडचण आली तर तेथील प्राध्यापकांशिवाय अधिक चांगला सल्ला मराठवाड्यात मिळणे कठीण. दुसरी, किनाऱ्यावर आपण वर्षातून एकदा जातो, पण बर्फात घातलेले पापलेट लातूर-नांदेडच्या बाजारात बाराही महिने येते. 135 मिलिमीटर ही फार मोठी लांबी नव्हे. मोठ्या माणसाच्या वितीपेक्षा ती बरीच कमी आहे. तेवढेही न भरणारे पापलेट विक्रेत्याच्या पाटीत दिसले तर ते घेऊ नये आणि का घेत नाही हे त्यास सांगावे. गिऱ्हाईक विचारू लागले की विक्रेताही माल घेताना पाहू लागतो.

प्रश्न : नाथसागरावर गळ टाकणाऱ्या आम्हां हौशी लोकांनी आपणहून अशी काही मापाची शिस्त पाळावी का? अलीकडे रोहू-कटल्याऐवजी बारकी चिलापीच अधिक लागते.
— सेवानिवृत्त पाटबंधारे कर्मचारी, पैठण

उत्तर : पाळावी, पण न्यू जर्सीची पट्टी तशीच्या तशी येथे लावता येणार नाही. समर फ्लाउंडर खुल्या समुद्रात स्वतः अंडी घालतो, म्हणून तेथे लांबीची अट त्याला अंडी घालण्याची संधी मिळावी यासाठी असते. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे धरणाच्या साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहते, चढते पाणी लागते. जलाशयात त्यांची संख्या मुख्यतः बाहेरून सोडलेल्या बोटुकलीवर, म्हणजे बोटाएवढ्या पिलांवर, टिकते. तेव्हा येथे लहान रोहू सोडून देण्याचा हेतू त्याचे वजन वाढू देणे हा आहे. पावकिलोचा रोहू आज काढण्याऐवजी पुढील वर्षी काढला, तर त्याच एका बोटुकलीपासून कितीतरी पट अन्न मिळते. किलोच्या आतील रोहू, कटला, मृगळ आपण पाण्यात परत सोडावेत, असे मी सुचवेन.

पावसाळ्याचे पहिले महिने मात्र निराळे आहेत. नाथसागरात गोदावरीचे नवे पाणी उतरू लागले की पोटात अंडी असलेले मासे वरच्या अंगाला, कायगाव-टोक्याकडील वाहत्या पाण्याकडे चढू लागतात. त्या काळात त्या पट्ट्यात गळ टाकूच नये. नांदेडच्या ताईंना टेक्सासच्या मुखांविषयी जे लिहिले, ते या पाण्यालाही लागू आहे. जलाशयाचा मोठा भाग पक्षी अभयारण्यात येतो आणि मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे असतात, याचीही आपणांस माझ्यापेक्षा अधिक माहिती असेल. वन खात्याला आणि त्या भागातील भोई बांधवांच्या संस्थेला विचारल्याखेरीज काठी लावू नये.

चिलापीला यातील कोणतीही मर्यादा लावण्याचे कारण नाही. ती बाहेरून आलेली आहे, अगदी लहान असतानाच पिल्ले घालू लागते, पिल्ले तोंडात सांभाळते आणि रोहू-कटल्याच्या बोटुकलीचे अन्न खाते. तिच्या बाबतीत लहान म्हणून सोडलेला प्रत्येक मासा पुढच्या हंगामात आणखी बारकी चिलापी वाढवतो. जेवढी लागेल तेवढी घरी न्यावी.